एक्क्याण्णव नंबरचं दार

मी पाववाला. दुकान भावाचं, तो भाजतो, मी वाटतो. सत्तावीस वर्षं मी एकाच रस्त्यावर गाडी चालवली. सात गावं, अकरा वाड्या आणि कालव्यावरची चार दारं. लोकांना वाटतं पाववाल्याला काय काम, सकाळी भोंगा वाजवायचा आणि दुपारी ताणून द्यायची. बोलणाऱ्याचं काय जातं? जानेवारीत बर्फावरून ती खटारा गाडी चढाला घेऊन दाखवा, मग बोलू. असो. सांगायचंय ह्युगेतबद्दल. माझं तोंड एकदा सुटलं की मी भलतीकडेच भरकटतो, असं तीच म्हणायची.

ह्युगेत कालव्याच्या एक्क्याण्णव नंबरच्या दारावर होती. आमचा कालवा डोंगराकडून योन नदीकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. प्रत्येक पायरीला एक दगडी हौद, हौदाच्या वरच्या अंगाला एक दार आणि खालच्या अंगाला एक. वरून बोट आली की वरचं दार उघडून तिला आत घ्यायचं, दार लावायचं, मग दांडीने झडपा फिरवून हौदातलं पाणी खाली सोडायचं. पाणी उतरतं तशी बोट हौदात खाली खाली जाते. पाणी समान झालं की खालचं दार उघडायचं, आणि बोट सुटली पुढच्या दाराकडे. बोट बाहेर पडली रे पडली की दार लावून घ्यायचं, कारण वरून दुसरी आली तर हौद पुन्हा भरायला हवा. हे सगळं हातांनी, पाठीने. एप्रिल ते ऑक्टोबर, सकाळी सात ते संध्याकाळी सात, रविवारसकट. मधे बारा ते एक जेवणाची सुटी.

दाराला लागून बारकंसं घर. घर कालवा खात्याचं. दार सांभाळता तोवर घर तुमचं, दार सोडलं की चंबूगबाळं उचला. त्या घरात ह्युगेत बाविसाव्या वर्षी सून म्हणून आली. दार तेव्हा सासूच्या, मेलानीबाईंच्या हातात होतं. मेलानीबाईंनी लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सुनेच्या हातात झडपेची दांडी दिली आणि स्वतः खुर्ची घेऊन दारात बसल्या, त्या पुढची बावीस वर्षं. नवरा रेमी कालव्याच्या काठांची डागडुजी करायचा. माणूस सरळ, पण लोणी लावल्यासारखा. कुठेच टिकून उभा राहायचा नाही. लग्नात त्याने तिला शब्द दिला होता की या हिवाळ्यात समुद्र दाखवतो. दिएपचा समुद्र. कालवा हिवाळ्यात रिकामा करतात, तेव्हा जाऊ म्हणाला. पहिल्या हिवाळ्यात चिखल उपसायला माणसं कमी पडली. दुसऱ्या हिवाळ्यात मेलानीबाईंचं गुडघ्याचं दुखणं. मग असंच काही ना काही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते खोटं नाही. एका फेब्रुवारीत रेमीच्या छातीत कफ झाला आणि तीन आठवड्यांत तो गेला. समुद्र राहिला.

खात्याने विधवेला दार ठेवू दिलं. उपकार केल्यासारखं. मग मेलानीबाई अंथरुणाला खिळल्या, त्या नऊ वर्षं. चुलीशेजारच्या खोलीत पलंग, पलंगातून खिडकी, खिडकीतून दार. म्हातारीला उठता येत नव्हतं, पण बोट किती वाजता आली आणि सुनेने किती वेळ लावला, हे तिला घड्याळापेक्षा बरोबर माहीत असायचं. पाव दिला की मी आत डोकावून मेलानीबाईंना नमस्कार घालायचो. त्या म्हणायच्या, "एदमों, कालचा पाव जळका होता." रोज. भावाने काय पाव रोज जाळला? पण म्हातारीला कोण तोंड देणार.

आता गंमत ऐका. ही ह्युगेत बाजाराच्या गावापलीकडे कधी गेली नव्हती. बावीस किलोमीटर. एकदा दात काढायला थोडी पुढे, बस. पण अख्खा फ्रान्स तिच्या दारातून जायचा. मालवाहू बोटी तर होत्याच, पुढे भाड्याच्या बोटींवरून सुटीला आलेली माणसंही यायला लागली. बोट हौदात उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात ह्युगेत काठावर उभी राहून त्यांची उलटतपासणी घ्यायची. कुठले, घरून कुठली खिडकी दिसते, रविवारी काय शिजवता, तुमच्याकडे भेटल्यावर गालाचे मुके किती घेतात. आमच्याकडे चार. पॅरिसवाले दोनांत उरकतात, घाईतली माणसं. पोस्टमन नव्या वर्षाला जे कॅलेंडर देतो त्याच्या मागे फ्रान्सचा नकाशा असतो. तो तिने स्वयंपाकघरात टांगला होता आणि बोट ज्या गावची त्या गावावर ती शिवणाची टाचणी टोचायची. दर वर्षी नवा नकाशा, जुन्या टाचण्या.

त्यातून तिने माणसांबद्दल आपले हिशेब बांधले होते. म्हणायची, लीलकडचे लोक आधी बिअर पुढे करतात आणि मग नाव सांगतात. मार्सेयवाले दोन्ही हातांनी बोलतात, त्यामुळे दोरी धरायला हात उरत नाही, त्यांची बोट नेहमी भिंतीला आपटते. आल्सासवाले दोरी वापरून झाली की पुसून ठेवतात. ब्रेतान्यवाल्यांना आपलं लोणी अळणी लागतं, ते तोंडावर सांगतात, पण जाताना अंडी डझनाने घेतात. आणि पॅरिसवाला नमस्कार म्हणायच्या आधी विचारतो, किती वेळ लागेल. त्याला ती मुद्दाम सावकाश उत्तर द्यायची.

आणि ही बया त्या लोकांना सल्ले द्यायची. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. दिएपला निघालात ना, मग बंदरासमोर जेवायला बसू नका, मागच्या गल्लीत जा, तिथे कोळ्यांच्या बायका शिंपल्यांचं कालवण करतात, त्यात साय जरा जास्त मागा. संध्याकाळी उंच कड्यावर चढा, पण वारा असेल तर टोपी हातात धरा. लोक वहीत लिहून घ्यायचे. विचारायचे, तुम्ही तिथल्याच का, मादाम? ह्युगेत म्हणायची, "नाही, पण ओळखीचं आहे." आणि माझ्याकडे बघायची नाही. मी पावाची पिशवी फाटकाला अडकवून गुपचूप निघायचो. कुणाचं पितळ उघडं पाडायची माझी सवय नाही, निदान तिची तरी नाही.

मला ती आवडायची. सरळच सांगतो, आता काय लपवायचं. मी लग्न केलं नाही, तिने दुसरं केलं नाही, आणि आम्ही दोघांनी त्यावर कधी एक अक्षर काढलं नाही. सकाळी सव्वाअकराला तिच्या वळणावर मी दोनदा भोंगा वाजवायचो, ती एप्रनला हात पुसत यायची, दोन मिनिटं बोलायची. सात गावांत माझ्याकडून पाव घेणारी तीनशे माणसं होती. दोन मिनिटं बोलणारी एक.

मेलानीबाई गेल्या त्या वर्षीची ही गोष्ट. फेब्रुवारीत गेल्या, आणि एप्रिलमध्ये कालवा भरला तेव्हा ह्युगेतच्या लक्षात आलं की आता आपल्याला घरात धरून ठेवणारं कुणी नाही. वय त्रेपन्न. अन्सेल्म आणि रेन हे बोटवाले नवरा-बायको गव्हाची बोट घेऊन वर्षाला पाच-सहा खेपा रुआंला करायचे. रेनची बहीण दिएपला मासे विकायची. रेन कितीतरी वर्षं म्हणत होती, चल आमच्याबरोबर, रुआंपर्यंत बोटीने नेतो, पुढे दीड तास गाडी, बहिणीकडे खोली आहे. त्या वर्षी ह्युगेत हो म्हणाली. खात्याला अर्ज केला. एकतीस वर्षांतली पहिली रजा, सप्टेंबरात तीन आठवडे. साहेबाने बदली माणूस द्यायचं कबूल केलं, वर म्हणाला, आत्ता जा, पुढच्या वर्षापासून माणसं कमी होणार आहेत, मग काही कुणाला रजा मिळेलसं वाटत नाही. म्हणजे काय ते तिला कळलं. आत्ता नाही तर कधीच नाही.

तिने पेटी घेतली. नवी, तपकिरी, पट्ट्याची. निळा स्वेटर विणला, दिएपच्या वाऱ्यासाठी. मला विचारलं, समुद्राच्या पाण्यात पाय घालताना मोजे कुठे ठेवतात. मी म्हटलं, मी कुठे गेलोय? सैन्यात असतानाही मला नशिबाने पाठवलं ते डोंगरात.

बदली माणूस आला, मोर्लो. पन्नाशीचा, माजी सार्जंट, मिशीला मेण लावणारा. नियम म्हणजे त्याचा देव. ह्युगेतने तीन दिवस त्याला सगळं शिकवलं. दांडी कशी धरायची, झडप अर्धी का उघडायची, कुठल्या बोटवाल्याशी वाद घालायचा नाही. आणि मेलानीबाईंनी तिला जे पहिल्या दिवशी शिकवलं होतं तेच तिने त्याला शिकवलं. बारा म्हणजे बारा. घंटा झाली की हातातली दांडी खाली. राजा येवो की पाटील. एकाला सूट दिली की सगळे मागतात, आणि मग दारवाल्याला आयुष्यात गरम सूप मिळत नाही. मोर्लोने हे वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

एक गोष्ट मात्र तिने शिकवली नाही. खालच्या दाराच्या दोन कवाडांपैकी डावं फुगलेलं होतं, साधं ढकलून हलायचं नाही. ह्युगेत आधी कवाड फिरवायच्या लाकडी तुळईला पाठ लावायची, टाचा दगडात रोवायची, अंग सैल सोडायची, आणि मग एकदम नाही, श्वास सोडत सोडत रेटायची. मी हजारदा बघितलंय. पण तिला स्वतःलाच माहीत नव्हतं की आपण असं करतो. एकतीस वर्षांत ते तिच्या पाठीत मुरलं होतं. जे आपल्याला माहीत नाही ते शिकवणार कसं?

निघायचा दिवस, मंगळवार. अन्सेल्मची बोट दहाला यायची ती पावणेअकराला आली. तोवर काठावर गाव जमलं होतं. मी मोजली, तेवीस माणसं. दारवाली एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुठे निघाली म्हणजे काय लहान गोष्ट आहे? शाळेच्या बाई, न्हावी, वरच्या वाडीची तिघं भावंडं, नगरप्रमुखाची बायको केक घेऊन. मी भावाकडून खास लोण्याचा गोड पाव भाजून घेतला होता, आणि कपाटातली आलुबुखाराची दारूही आणली होती. बाटली मीच उघडली. प्रत्येकाला एक पेला झाला, मग मीच म्हटलं, एका पायावर माणूस उभा राहत नाही, दुसरा घ्या. सगळे हसले.

मग निरोपाचे मुके. तेवीस माणसं, चार-चार. त्यात अन्सेल्म आणि रेन यांनाही चार-चार, ती तर तिच्याबरोबर निघालेली, तरी. शाळेच्या बाईंना मोजताना शंका आली तर त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. माणसं रडली, मग रडलेल्यांना पुन्हा चार. अन्सेल्म दोनदा म्हणाला, चला, उशीर होतोय, आणि दोनदा त्याच्या हातात पेला आला. बोट हौदात शिरली तेव्हा बारा वाजायला वीस मिनिटं कमी होती. अडतीस मीटरची बोट ती, हौदात बसायला इंचभर जागा सोडते. आत घ्यायलाच वेळ लागतो. ह्युगेत निळा स्वेटर घालून बोटीच्या पुढच्या टोकावरच्या खुर्चीत बसली, पेटी मांडीवर. मोर्लोने झडपा उघडल्या. बोट उतरायला लागली. आम्ही काठावरून हात हलवत होतो, आणि ती हळूहळू खाली चालली होती. आधी तिचे पाय दिसेनासे झाले, मग पेटी, मग काठावर वाकल्याशिवाय तिचं डोकंही दिसेना.

पाणी समान झालं आणि देवळाची घंटा वाजली. बारा.

मोर्लोने दांडी काढली, खांद्याला लावली आणि घराकडे चालू लागला. आम्हाला वाटलं काहीतरी आणायला चाललाय. न्हाव्याने हाक मारली, अहो, खालचं दार राहिलं, पाच मिनिटांचं काम आहे. मोर्लो वळला. त्याने आमच्याकडे बघितलंच नाही, हौदाच्या काठावर येऊन खाली बघत बोलला.

"मादाम, तुम्हीच सांगितलंत. बारा म्हणजे बारा."

 मग ह्युगेत म्हणाली, "बरोबर आहे. जेवा तुम्ही."

मी मोर्लोला काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. त्याने शांतपणे घराचं दार लावलं, आपला डबा उघडला आणि खिडकीत बसून सूप प्यायला. माणसांनाही घरी जेवणं होती, चुलीवर काही ना काही होतं. पाचजण उरलो. आम्ही काठावर आडवे होऊन खाली वाकलो. रेनने आतून चीज आणि काकडी आणली होती, ह्युगेतने हात लावला नव्हता. ती भिंतीकडे बघत होती.

मी तिला म्हटलं, शिडी आहे, वर ये, गरम काहीतरी खा. ती म्हणाली नको. पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, "वर आले तर पुन्हा खाली उतरणार नाही, एदमों. ओळखते मी मला."

म्हणून ती तासभर तिथेच बसली. आपल्याच हौदात, आपल्याच घरासमोर, तीन मीटर खाली. वर आभाळाची एक पट्टी. भिंतीवर शेवाळ, पाझरणारं पाणी, दगडांच्या फटींतून आलेलं नेचं. एकतीस वर्षं तिने हजारो बोटी तिथे उतरवल्या आणि ती भिंत तिने आतून कधी बघितली नव्हती. रेनला म्हणाली, इथे एवढं गार असतं हे मला कुणीच कसं सांगितलं नाही. रेन म्हणाली, आम्हाला वाटलं तुला माहीत असेल. मग ह्युगेत म्हणाली की बारा वाजता हौदात अडकवलेली माणसं तिला आठवताहेत. एक बाई होती, भावाच्या मयताला निघालेली. एक नवराबायको होते, भांडत होते, तासभर एकमेकांकडे पाठ करून बसले. सगळ्यांना ती बारा म्हणजे बारा म्हणाली होती. काठावर पडल्या पडल्या मला हे सगळं ऐकू येत होतं, आणि मला तिला तिथून उचलून आणावंसं वाटत होतं. आता कुठे उचलणार? बावन्नाव्या वर्षी माझीच कंबर धरलेली.

साडेबाराला वरच्या अंगाला एक भाड्याची बोट येऊन थांबली. पॅरिसचं कुटुंब. बापाने भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला. खाली खुर्चीत ह्युगेतचे खांदे दचकले. ती उठली, पुन्हा बसली.

एक वाजता मोर्लो मिशी पुसत आला. खालच्या दाराचं उजवं कवाड उघडलं. डावं हलेना. त्याने ढकललं, लाथ घातली, न्हावी मदतीला गेला, मी गेलो. अन्सेल्मने खालून बांबू लावला. दहा मिनिटं झाली. वरचा पॅरिसवाला ओरडून विचारत होता, किती वेळ लागेल. खालून ह्युगेत सांगत होती, असं नाही, जरा खालून, नाही, तसंही नाही. पण काय करायचं ते तिला शब्दांत सांगताच येईना. शेवटी ती पेटी खुर्चीवर ठेवून शिडीकडे आली. म्हणाली, दोन मिनिटांत आले.

वर आली. निळ्या स्वेटरला शेवाळ लागलेलं. मोर्लोला बाजूला केलं, तुळईला पाठ लावली, टाचा रोवल्या, अंग सैल सोडलं आणि श्वास सोडत रेटलं. दार उघडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अन्सेल्मने इंजिन सुरू केलं आणि ओरडून सांगितलं, मी सावकाश घेतो, बोटीचा मागचा भाग शिडीखाली आला की उतर, रेन हात देईल.

बोट सरकायला लागली. अडतीस मीटर म्हणजे बराच वेळ. ह्युगेत तुळईपाशी उभी होती. मागचा भाग शिडीखाली आला. रेनने दोन्ही हात वर केले. तेवढ्यात वरच्या बोटीने पुन्हा भोंगा वाजवला, आणि ह्युगेतने वळून वर हात केला, थांबा, आलेच, असा, रोज करायची तसा. रेनने हाक मारली. बोट शिडीखालून पुढे गेली, दाराबाहेर गेली. आणि बोट बाहेर पडली रे पडली, ह्युगेतने तुळईला हात लावला आणि दार लावून घेतलं. पलीकडे जाऊन उजवं कवाडही लावलं. खालच्या झडपा बंद केल्या, दांडी मोर्लोच्या हातातून घेतली आणि वरच्या झडपा उघडल्या. हौद भरायला लागला.

तिला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही पाचही जण बघत उभे होतो आणि आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. बोट गेली की दार लावायचं. तेच बघत आलो होतो आम्ही. मोर्लोसुद्धा मान डोलावत होता.

मग ती थांबली. दांडी हातात. बंद दाराकडे बघत म्हणाली, "माझं मीच लावलं."

रेनच्या हाका लांबून ऐकू येत होत्या. अन्सेल्मला तिथे थांबता येत नव्हतं, खालून दुसरी मालबोट येत होती, त्याने हाताने पुढच्या दाराकडे खूण केली. पुढचं दार, ब्याण्णव, अडीच किलोमीटरवर. बोटीला तिथे जायला अर्धा तास. गाडीने पाच मिनिटं. हे काय मला कळत नव्हतं? कालव्यावर वर्षानुवर्षं घालवलेल्या माणसाला कळत नाही?

ह्युगेत माझ्याकडे वळली. "एदमों," ती म्हणाली, "गाडी कुठे लावलीयस?"

गाडी पॉपलरच्या झाडांमागे होती. पन्नास पावलांवर. किल्ली माझ्या खिशात होती, मी ती मुठीत धरली होती. आणि मी म्हणालो, "गाडी पुलापलीकडे आहे. आणि तीन गावांचा पाव राहिलाय अजून."

का म्हणालो? उद्या सव्वाअकराला वळणावर भोंगा वाजवला तर मोर्लो मिशी पुसत येईल, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं म्हणून. तीन आठवडे. आणि मला आत कुठेतरी वाटत होतं की ही एकदा समुद्र बघून आली की परत येणारच नाही. माणसाने इतकं क्षुद्र असू नये. मी होतो.

"हो," ती म्हणाली. "पाव शिळा होईल."

मग ती पॅरिसवाल्यांच्या बोटीला आत घ्यायला गेली. मोर्लो म्हणाला, मादाम, तुम्ही रजेवर आहात, आणि ती म्हणाली, तुम्हाला डाव्या कवाडाचं शिकवायचं राहिलंय. तिने नमस्कार केला, विचारलं कुठे निघालात. पॅरिसवाल्याची बायको आजूबाजूला बघत म्हणाली की किती शांत, किती सुंदर जागा, तुम्ही इथेच राहता? किती नशीबवान आहात. ह्युगेत म्हणाली हो. अंडी हवीत का, विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी सव्वाअकराला वळणावर दोनदा भोंगा वाजवला. ती एप्रनला हात पुसत आली. मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. त्या वेळी आनंदच झाला.

पेटी तेवढी समुद्राला जाऊन आली. रेनने ती दिएपला बहिणीकडे नेली, वाट बघितली, आणि तीन आठवड्यांनी परत आणली, पट्टा न सोडता. ह्युगेतने ती कपाटावर ठेवली. साहेब बोलला होता तसंच झालं. पुढच्या वर्षापासून तिला दोन दारं दिली, एक्क्याण्णव आणि ब्याण्णव, आणि मधे जायला एक मोपेड. रजेचं नाव कुणी काढलं नाही. प्रवाशांना ती पूर्वीसारखीच सल्ले देत राहिली, फक्त दिएपचं सांगेनाशी झाली. कुणी विचारलंच तर म्हणायची, तिकडचं मला काही माहीत नाही.

मग निवृत्त झाली, घर सोडलं. खात्याने खिडक्यांना फळ्या मारल्या. आता ती गावात राहते, आमच्या दुकानासमोरच्या वरच्या मजल्यावर, गुडघे सासूसारखेच गेलेत. जिना उतरणं होत नाही. मीही गाडी सोडली, पण तिचा पाव मीच वर नेऊन देतो. कपाटावर पेटी आहे.

गेल्या वसंतात एकदा मला राहवलं नाही. पाव टेबलावर ठेवला आणि खाली बघत सांगून टाकलं. म्हटलं, त्या दिवशी गाडी पुलापलीकडे नव्हती. पॉपलरमागे होती. सोळा वर्षं पोटात ठेवलेलं.

ह्युगेतने पाव सरळ केला, मी उलटा ठेवला होता.

"दिसत होती मला," ती म्हणाली. "तुळईपाशी उभं राहिलं की सगळं दिसतं. तू चल म्हणशील म्हणून विचारलं होतं."

 तिने सुरी काढली, पावाचं टोक कापलं आणि नेहमीसारखं माझ्यापुढे केलं.